थेंबभर सॅम्पल, नॅनोग्रॅमभर डीएनए: फ्लुरोसन्सने मोजताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लुरोसन्सने मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा आणि नोटा तपासायच्या यूव्ही दिव्याखाली धरा. द्रावण हिरवट-पिवळं चमकतं. ही चमक म्हणजेच फ्लुरोसन्स. तीच हळद पाण्यात टाकली तर चमक जेमतेम. रेणू तोच, पण भोवताल बदलला की त्याचं चमकणं बदलतं. डीएनए मोजायचे डाय (चमकणारे रंग) याच गुणावर चालतात. पिकोग्रीन नावाचा डाय पाण्यात एकटा असताना जवळपास काळोखात असतो. दुपदरी डीएनएला चिकटला की त्याची चमक हजारपटीहून जास्त वाढते. ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकायचा, ५२० च्या आसपासचा हिरवा प्रकाश मोजायचा. हिरवा जितका जास्त, तितका डीएनए जास्त.

डीएनए २६० नॅनोमीटरचा यूव्ही प्रकाश किती शोषतो, हे मोजण्याच्या साध्या पद्धतीपेक्षा हे इतकं संवेदनशील का?

शोषण मोजताना यंत्राकडे भरपूर प्रकाश येत असतो आणि त्यातला किंचित कमी झाला का, ते बघायचं असतं. भरलेल्या हौदातून वाटीभर पाणी गेलं का, हे ओळखण्यासारखं ते आहे. फ्लुरोसन्समध्ये कोरड्या फरशीवर थेंब पडला का एवढंच बघायचं. म्हणूनच फरशी खरोखर कोरडी असणं, म्हणजे ब्लँक (डीएनए न घातलेलं द्रावण) स्वच्छ असणं, हा या कामाचा गाभा आहे. सॅम्पल अगदी थोडं असेल तर बहुतेक जण सिग्नल वाढवायच्या मागे लागतात, गेन (यंत्र सिग्नल किती पटीने वाढवतं ते) वाढवतात, महागडा डाय आणतात. पण अडचण सहसा ब्लँकमध्ये, पिपेटच्या टोकाला आणि ट्यूबच्या प्लॅस्टिकमध्ये दडलेली असते.

नॅनोड्रॉप २० म्हणतो, क्युबिट ३ म्हणतो. खरं कोण?

नॅनोड्रॉप २६० वरचं शोषण मोजतो, क्युबिट डायची चमक. दोघंही खरं सांगतात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. २६० वर डीएनए, आरएनए, एकपदरी तुकडे, उरलेले प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे), सुटे न्यूक्लिओटाइड सगळेच प्रकाश शोषतात, आणि फिनॉल राहिलं असेल तर तेही त्यात भर घालतं. दुपदरी डीएनएचा डाय यातल्या बहुतेकांकडे ढुंकूनही बघत नाही. २० आणि ३ एवढी तफावत दिसली की आधी आरएनएवर संशय घ्या. थोड्या सॅम्पलला आरएनेझ देऊन नॅनोड्रॉपवर नाही, जेलवर बघा. आरएनेझने आरएनएचे तुकडे होतात, पण ते तुकडे २६० वर दिसतच राहतात. धुतल्याशिवाय नॅनोड्रॉपचा आकडा उतरत नाही.

शिवाय नॅनोड्रॉपची खालची मर्यादाच २ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या आसपास आहे. तिथे २६० आणि २८० वरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ आलं काय आणि १.४ आलं काय, त्यावर शुद्धतेचा निवाडा करू नये.

‘थोडं’ म्हणजे किती थोडं? अंदाज कसा बांधायचा?

माणसाच्या एका द्विगुणित पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे १ नॅनोग्रॅमला सुमारे १५० पेशी, किंवा एखाद्या जनुकाच्या जवळपास ३०० प्रती. हा आकडा डोक्यात पक्का असू द्या. ‘०.०५ नॅनोग्रॅम मिळालं’ याचा अर्थ हातात फक्त १५ प्रती आहेत हे लगेच कळतं. मग त्यातून १ टक्क्यातलं म्युटेशन शोधायची भाषा कोणी करत नाही.

क्युबिटचा हाय सेन्सिटिव्हिटी दुपदरी डीएनए किट ट्यूबमध्ये एकूण सुमारे ०.१ ते १०० नॅनोग्रॅम डीएनएसाठी आहे. प्लेट रीडरवर पिकोग्रीन नीट बसवला तर त्याच्याही खाली जाता येतं.

क्युबिटवरची कृती पायरीपायरीने सांगाल?

धरा, ८ सॅम्पल आहेत. २ स्टँडर्ड (ज्यांतला डीएनए किती ते आधीच माहीत असतं) मिळून १० ट्यूब. वर्किंग सोल्युशन (बफर आणि डाय यांचं मिश्रण) ११ ट्यूबांचं करा, कारण शेवटच्या ट्यूबला हमखास कमी पडतं.

१. बफर आणि डाय अर्धा तास आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डाय डीएमएसओमध्ये असतो आणि डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठतो. पूर्ण वितळू द्या, झटकन स्पिन करा, मगच झाकण उघडा.

२. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये २१८९ मायक्रोलिटर बफर आणि ११ मायक्रोलिटर डाय, म्हणजे १:२०० प्रमाण. काचेची ट्यूब नको, काचेला डाय चिकटतो. ट्यूबला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

३. पातळ भिंतीच्या ०.५ मिलिलिटर पारदर्शक ट्यूब घ्या. नाव झाकणावर लिहा, अंगावर नको. मार्करची शाई प्रकाशाच्या वाटेत येते.

४. स्टँडर्डच्या दोन्ही ट्यूबमध्ये १९० मायक्रोलिटर वर्किंग सोल्युशन आणि १० मायक्रोलिटर स्टँडर्ड. सॅम्पलच्या ट्यूबमध्ये १ ते २० मायक्रोलिटर सॅम्पल, आणि एकूण २०० होईल इतकं सोल्युशन.

५. २ ते ३ सेकंद व्हॉर्टेक्स करा, बुडबुडे होऊ देऊ नका. २ मिनिटं अंधारात ठेवा, मग रीडिंग घ्या.

हिशेब: यंत्राने ट्यूबमधलं प्रमाण १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर दाखवलं आणि सॅम्पल २ मायक्रोलिटर घातलं होतं, तर १५ गुणिले २०० भागिले २, म्हणजे १५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. मूळ सॅम्पल १.५ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. यंत्र हे गणित स्वतः करतं, पण त्यासाठी घातलेलं आकारमान त्याला बरोबर सांगावं लागतं. एका बॅचमध्ये काही ट्यूबना १ आणि काहींना २ मायक्रोलिटर घातलं आणि यंत्रात बदललंच नाही, तर आकडे सरळ दुप्पट किंवा निम्मे येतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

एकाच सॅम्पलची तीन रीडिंग तीन तऱ्हेची येतात. चूक कुठे आहे?

बहुतेक वेळा पिपेटच्या टोकाला. १ मायक्रोलिटर घेताना टिपच्या बाहेरच्या अंगाला ०.२ मायक्रोलिटरचा थेंब लटकला, तर २० टक्क्यांची चूक तिथेच झाली. तोच थेंब ५ मायक्रोलिटर घेताना लटकला तर चूक ४ टक्के. टिप सॅम्पलमध्ये जेमतेम १ ते २ मिलिमीटर बुडवा, बाहेर काढताना ट्यूबच्या कडेला टेकवा आणि दिव्यासमोर धरून एकदा बघा. सॅम्पल पुरेसं असेल तर १ च्या जागी ३ किंवा ५ घाला. सॅम्पल वाचवायच्या नादात १ घालायचं आणि मग तीनदा मोजायचं, यात तेवढंच सॅम्पल जातं.

दुसरं कारण तापमान. ट्यूब गरम झाली की चमक कमी होते. मुठीत धरलेली ट्यूब आणि रॅकमधली ट्यूब एकसारखं सांगणार नाहीत. तीच ट्यूब लागोपाठ वाचली तर यंत्राच्या आत ती तापते आणि आकडा उतरत जातो. पुन्हा वाचायची असेल तर बाहेर काढून निदान अर्धा मिनिट थांबा.

उलट बाजूने, बर्फातून उचललेली ट्यूब. जुलैत रत्नागिरीसारख्या दमट हवेत तिच्यावर दहा सेकंदांत दव धरतं, त्या थेंबांवर प्रकाश विखुरतो. पुसून लगेच वाचली तरी आतलं द्रावण थंडच असतं. मे महिन्यात वीज गेलेल्या खोलीत स्टँडर्ड सकाळी वाचले आणि सॅम्पल दुपारी, हाही तापमानाचाच घोळ. स्टँडर्ड आणि सॅम्पल एकाच बैठकीत वाचा.

क्युबिट शून्य दाखवतो, पण त्याच सॅम्पलमधून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) झकास होतो. असं कसं?

डीएनए कसा काढला ते आधी सांगा. चेलेक्स या रेझिनने काढला असेल तर उत्तर तिथेच आहे. चेलेक्सच्या कृतीत सॅम्पल उकळतात, उकळलं की डीएनएचे दोन पदर सुटतात, आणि दुपदरी डीएनएचा डाय एकपदरीला फारसा धरत नाही. पीसीआरला मात्र एकपदरी डीएनए तितकाच चालतो, तो पहिल्या चक्रात पदर सोडवतोच. अशा सॅम्पलसाठी एकपदरी डीएनएचा किट वापरा किंवा सरळ क्यूपीसीआरने (चमक बघत प्रती मोजणाऱ्या पीसीआरने) मोजा. ९५ अंशांवर तापवलेलं कुठलंही सॅम्पल याच गटात येतं.

ब्लँकच खूप वर येतो. काय तपासू?

एकेक गोष्ट वजा करत जा: नुसती रिकामी ट्यूब, मग पाणी, मग बफर, मग बफर आणि डाय. उडी कुठे पडते ते कळलं की निम्मं काम झालं.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. साधा टिश्यू पेपर आणि पांढरे सुती कपडे. कपड्यांच्या पावडरीत आणि कागदात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं यूव्ही प्रकाशात निळी चमकतात, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये काम असेल तर ट्यूब पुसायला लिंट न सोडणारा वाइपच घ्या. डबा खाऊन आलेल्या बोटांची हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. ग्लोव्ह्ज घाला, आणि तेही जेवणानंतर नवे. तिसरा गुन्हेगार म्हणजे बफर ज्या बाटलीतून येतो ती बाटली. डीएनए असलेली टिप तिच्यात एकदा बुडाली की बाटली गेली. बफर छोट्या ट्यूबांत वाटून ठेवा.

स्कॅनमध्ये डाय नसतानाही एक छोटं शिखर दिसतं. हे कुठून येतं?

बहुधा पाण्याचं रामन शिखर आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात जो परिणाम दाखवला, तोच इथे आडवा येतो. पाण्याचा रेणू प्रकाशातली ठरावीक ऊर्जा, साधारण ३४०० प्रति सेंटिमीटर, काढून घेतो आणि उरलेला प्रकाश लांब तरंगलांबीवर बाहेर पडतो. ४८० ने उजळलं तर हे शिखर ५७४ नॅनोमीटरच्या जवळ येतं, ४८८ च्या लेझरखाली ५८५ च्या जवळ. पिकोग्रीनच्या ५२० पासून ते लांब आहे, पण ५८० च्या आसपास चमकणारा डाय ४८८ ने उजळत असाल तर बरोबर सिग्नलवरच येऊन बसतं.

ओळखायची युक्ती सोपी. उजळणारा प्रकाश ४८० वरून ४७० वर आणा. रामन शिखर ५७४ वरून ५५९ च्या जवळ सरकेल. डायचं शिखर जागचं हलत नाही.

काल १ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर होतं, आज ०.४. डीएनए गेला कुठे?

ट्यूबच्या भिंतीवर. इतक्या विरळ द्रावणात साध्या पॉलिप्रोपिलिनला चिकटलेला डीएनए एकूण डीएनएचा मोठा हिस्सा असतो. ‘लो-बाइंड’ ट्यूब वापरा. पाण्यात ठेवू नका, टीई बफरमध्ये ठेवा, म्हणजे १० मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८. त्यात ०.०१ टक्का ट्वीन-२० घातला तर चिकटणं बरंच कमी होतं. पुढे एन्झाइमची पायरी असेल तर ईडीटीए ०.१ मिलिमोलरवर आणा, नाहीतर तो मॅग्नेशियम पळवतो. आणि सारखं गोठवणं-वितळवणं टाळा, छोटे वाटे करून ठेवा.

मुळात विरळ होऊच नये म्हणून एल्यूशन, म्हणजे शेवटी डीएनए सोडवून घेण्याची पायरी, ५० च्या जागी १५ ते २० मायक्रोलिटरमध्ये घ्या. नंतर व्हॅक्यूममध्ये आटवलं तर डीएनएबरोबर मीठ आणि ईडीटीएही आटतात, हे लक्षात असू द्या.

वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून किती अपेक्षा ठेवावी?

ठिपक्याच्या कागदातून कापलेल्या ३.२ मिलिमीटरच्या एका पंचमध्ये (चकतीत) साधारण ३ मायक्रोलिटर रक्त असतं. मायक्रोलिटरला ७००० पांढऱ्या पेशी धरल्या तर ३ गुणिले ७००० गुणिले ६.६ पिकोग्रॅम, म्हणजे कागदावर सुमारे १४० नॅनोग्रॅम. हातात मात्र याच्या बरंच खाली येतं, कारण काही डीएनए कागदातच अडकून राहतो.

खरी अडचण हीमची, म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या घटकाची आहे. एल्यूट किंचित तांबूस जरी दिसला तरी हीम प्रकाश शोषतो आणि चमक दाबतो. पंच धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. शंका असेल तर स्पाइक करा. समजा २ मायक्रोलिटर सॅम्पलचं रीडिंग एकूण ०.८ नॅनोग्रॅम आलं. त्याच आकारमानाच्या दुसऱ्या ट्यूबमध्ये मापून ५ नॅनोग्रॅम स्टँडर्ड डीएनए घाला. ५.८ यायला हवेत. ३.९ आले, तर सॅम्पल चमक दाबतंय आणि आधीचे ०.८ ही विसरा. सॅम्पल पाचपट पातळ करून पुन्हा बघा. हे एक स्पाइक दहा रीडिंगपेक्षा जास्त शिकवून जातं, तरी लोक ते टाळतात.

९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर पिकोग्रीन कसा लावायचा?

काळी प्लेट घ्या. पांढरी प्लेट ल्युमिनेसन्ससाठी असते, फ्लुरोसन्समध्ये तिचा पार्श्वप्रकाश वाढतो. प्रत्येक वेलमध्ये टीईमध्ये केलेलं सॅम्पल १०० मायक्रोलिटर आणि १:२०० पातळ केलेला डाय १०० मायक्रोलिटर. २ ते ५ मिनिटं अंधारात, मग ४८०/५२०.

किटमधला स्टँडर्ड, म्हणजे लॅम्डा डीएनए, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असतो. तो ५० पट पातळ केला की २ मायक्रोग्रॅम, आणि डाय मिसळल्यावर वेलमध्ये १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. तिथून दहा-दहा पटीने १००, १०, १ नॅनोग्रॅमपर्यंत खाली या, आणि ब्लँक. या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेवरून सॅम्पलचा आकडा काढायचा. सॅम्पल जर १ ते १० च्या दरम्यान असतील तर वरचा १ मायक्रोग्रॅमचा बिंदू काढून टाका. तो एकटा सगळी रेषा आपल्याकडे ओढतो, आर-वर्ग (बिंदू रेषेवर किती नीट बसतात त्याचं माप) ०.९९९ दिसतो आणि खालचे सगळे आकडे चुकलेले असतात.

गेन सगळ्यात वरच्या स्टँडर्डवर ठरवा आणि मग हलवू नका. वेगळ्या गेनवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

आमच्या पद्धतीची खालची मर्यादा किती, हे कसं काढायचं?

निदान ८ ब्लँक लावा. समजा त्यांचं प्रमाण विचलन ६ आलं आणि रेषेचा उतार दर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला ४० एकक. ओळखण्याची मर्यादा ३ गुणिले ६ भागिले ४०, म्हणजे ०.४५. मोजण्याची मर्यादा १० गुणिले ६ भागिले ४०, म्हणजे १.५. या दोघांच्या मधल्या सॅम्पलला ‘आहे’ म्हणता येतं, ‘इतकं आहे’ म्हणता येत नाही. ब्लँक वेगवेगळ्या दिवशी लावलेले असतील तर हा आकडा खरा. एकाच दिवशी एकाच बाटलीतून ८ वेल भरले तर मर्यादा भलतीच चांगली दिसते.

आरएनएला हेच चालतं का?

कृती तीच, डाय वेगळा. पण आरएनएचा डाय डीएनएलाही थोडाफार धरतो, म्हणून डीएनए तोडणारं डीएनेझ आधी. आणि आकडा चांगला आला म्हणजे आरएनए शाबूत आहे असं नाही, तुकड्यांनाही डाय चिकटतो. शाबूतपणासाठी तुकड्यांची लांबी दाखवणारं बायोअ‍ॅनालायझर किंवा टेपस्टेशन लागतंच.

प्रथिनांसाठी काय? युरोपियमचं नाव ऐकलंय.

रक्तातल्या प्रथिनाचा फ्लुरोसन्स मोजताना सीरम स्वतःच चमकतं. पण ती चमक काही नॅनोसेकंदांत विझते, तर युरोपियम या धातूच्या चिलेटची (त्याला पकडून ठेवणाऱ्या संयुगाची) शेकडो मायक्रोसेकंद टिकते. म्हणून ३४० ने उजळायचं, सुमारे ४०० मायक्रोसेकंद थांबायचं आणि मग ६१५ वर मोजायचं. तोवर बाकी सगळं शांत झालेलं असतं. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यात टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) मोजायला ही पद्धत जगभर वापरली गेली. एक खबरदारी: ईडीटीएच्या ट्यूबमधलं प्लाझ्मा इथे नको. ईडीटीए युरोपियमला चिलेटमधून ओढून घेतो आणि सिग्नल कोसळतो.

क्यूपीसीआरमध्ये अगदी कमी प्रती असतील तर काही वेल रिकामे का येतात?

कारण काही वेलमध्ये खरोखरच एकही प्रत पडलेली नसते. सरासरी वेलमागे १ प्रत असेल तर पॉयसनच्या (योगायोगाने किती पडतील याच्या) हिशेबाने ३७ टक्के वेल रिकामे राहणारच. सरासरी ३ असेल तर ५ टक्के. म्हणून ९५ टक्के वेळा सापडायला हवं असेल तर वेलमागे निदान ३ प्रती हव्यात, कितीही भारी प्रोब (चमकणारा शोधक रेणू) आणला तरी. अशा ठिकाणी तीन वेल लावून सरासरी काढण्याला फारसा अर्थ नाही. आठ-दहा लावा आणि किती वेलमध्ये सिग्नल आला ते मोजा. डिजिटल पीसीआर हेच काम हजारो थेंबांत करतो.

सीक्यू म्हणजे चमक दिसू लागते ते चक्र. स्टँडर्डचा सीक्यू प्रतींच्या लॉगविरुद्ध मांडला की मिळणाऱ्या रेषेचा उतार -३.१ ते -३.६ च्या आत असावा, -३.३२ म्हणजे दर चक्राला दुप्पट. सॅम्पलमध्ये हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) किंवा हीमचा अडथळा आहे का हे बघायला दहापट पातळ करा. सीक्यू ३.३ च्या आसपास पुढे जायला हवा. तो फक्त १ ने गेला किंवा उलट मागे आला, तर अडथळा आहे. आणि टेम्प्लेट (मोजायचा डीएनए) नसलेल्या वेलमध्येही सिग्नल आला तर सगळी प्लेट टाकून द्या. ‘सीक्यू ३८ आहे, चालतं’ ही सबब कमी प्रतींच्या कामात चालत नाही, तुमचे सॅम्पलही तिथेच असतात.

ट्रूनॅट आणि जीनएक्सपर्ट यातच मोडतात का?

हो, टीबी शोधणाऱ्या या दोन्ही चाचण्या फ्लुरोसन्सने वाचणारे पीसीआरच आहेत. जीनएक्सपर्टच्या जुन्या टीबी कार्ट्रिजमध्ये ५ मॉलिक्युलर बीकन (जोडी जुळली की चमकणारे प्रोब) जंतूच्या आरपीओबी जनुकाच्या ८१ बेसच्या भागावर बसतात. एखादा बसला नाही तर तिथे बदल आहे, म्हणजे रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद न देण्याची शक्यता. त्या कार्ट्रिजला थुंकीच्या मिलिलिटरमागे शंभराहून अधिक जिवंत जंतू लागत, नव्या ‘अल्ट्रा’ कार्ट्रिजला सुमारे १६ पुरतात. ट्रूनॅट हा गोव्याच्या मोलबायो कंपनीचा, बॅटरीवर चालणारा चिपवरचा पीसीआर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तो टीबीसाठी स्वीकारला. त्यात ६ मायक्रोलिटर एल्यूट जातं, त्यामुळे वर सांगितलेली पिपेटच्या टोकाची कथा तिथेही लागू. चिपवर बुडबुडा गेला की चाचणी वाया.

डाय महाग आहे. १:२०० च्या जागी १:४०० केला तर?

नको. डाय कमी पडला की वरचे स्टँडर्ड आधी वाकतात आणि रेषा झोपते. पैसे वाचवायचे तर निम्म्या क्षेत्रफळाच्या वेलची प्लेट घ्या आणि सॅम्पल व डाय दोन्ही ५०-५० मायक्रोलिटर करा. प्रमाण तेच राहतं, खर्च निम्मा होतो.

हा डाय हाताला लागला तर?

लगेच धुवा. डीएनएला चिकटणारा रेणू म्युटेजेन समजूनच हाताळायचा, आणि डीएमएसओ त्याला कातडीतून आत न्यायला मदत करतो. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला, थेंब सांडला तर ग्लोव्ह्ज तत्काळ बदला.

उरलेलं वर्किंग सोल्युशन उद्या वापरता येईल का?

नाही. ३ तासांच्या आत संपवा. मूळ डायची ट्यूब मात्र फॉइलमध्ये, झाकण घट्ट लावून ठेवली तर एक्स्पायरीपर्यंत टिकते.